उजव्या बाजूचं माप

८ जानेवारी १९६२, अमरावती

घरगुती गाऱ्हाण्यांसाठी सरकारने एखादं खातं काढलं असतं, तर मी पुढील अर्ज केव्हाच टाकला असता:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार मोतीराम तायडे, वय बेचाळीस, नोकरी जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखण्याची, सविनय कळवितो की अर्जदाराचे लग्नास एकोणीस वर्षे झाली. या मुदतीत अर्जदारास एकदाही कोरडा टॉवेल मिळालेला नाही. अर्जदाराची पत्नी पोलक्याचे आत घालावयाची आपली बॉडी दोरीवर वाळत घालते, व ती कोणाचे नजरेस पडू नये म्हणून तिजवर अर्जदाराचा टॉवेल पसरते. त्यामुळे बॉडीला ऊन लागत नाही आणि टॉवेलास वारा लागत नाही. दोन्ही वस्तू संध्याकाळपर्यंत एकमेकींचा ओलावा सांभाळून बसतात. तरी योग्य तो हुकूम व्हावा."

साहेबांनी चौकशीला माणूस धाडला असता, तर त्याला आमच्या मोहल्ल्यातल्या दोऱ्यांवर नुसते पंचे, टॉवेल, धोतरं आणि लुगडी दिसली असती. आत काही घालणारी बाई अमरावतीत राहतच नाही असा रिपोर्ट त्याने बेलाशक दिला असता.

अर्ज मनात तयार होऊन दहा वर्षं झाली. आज कागदावर उतरवला, कारण आज अंघोळीनंतर टॉवेल ओढला तर खडखडीत कोरडा. कालही तसाच. नागपूरहून परतल्यापासून सहा आठवडे टॉवेल कोरडाच असतो. त्याच्याखाली काही नसतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पंचफुलाची उजवी छाती काढली. गाठ सुपारीएवढी होती. मुळासकट गेलं म्हणाले, वरून विजेचा शेक दिला. आता ती घरातही माझी जुनी शाल पांघरून वावरते आणि आत काही घालत नाही. घालायचं तर काय घालणार.

कोरडा टॉवेल अंगाला टोचतो. ही बाब अर्जात नव्हती.

१५ जानेवारी

अकोल्याहून शालूचं पत्र. शालू म्हणजे पंचफुलाच्या थोरल्या बहिणीची, जाईबाईची मुलगी. शिक्षणासाठी सहा वर्षं आमच्याकडे होती. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे त्या सहा वर्षांत आमच्या घरात जे काय आईबापपण झालं ते तिच्यावरच झालं. आता ती अकोल्यात मास्तरीण आहे. लग्न ठरलं, तेरा मे, अकोल्यालाच. लिहिते, "आई नुसती रडत राहील, तिचा उपयोग नाही. वंदनेला माझ्या शेजारी मावशीच उभी पाहिजे. मावशी नसेल तर तारीख पुढे ढकलू."

लग्न आपल्या नव्या रीतीने, म्हणजे सगळे पांढऱ्या कपड्यांत. पाच वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षेला आम्ही दोघंही पांढरेशुभ्र होऊन गेलो होतो. मैदानात नजर पोचेल तिथवर पांढरं. तेव्हा मी तिला म्हणालो होतो की फुटलेल्या बोंडांचं शेत दिसतं आहे, आणि ती म्हणाली होती की तुमाले दुसरं काही सुचतच नाई.

पंचफुलाने पत्र दोनदा वाचलं, घडी करून डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "मले नाई जमत."

काहून म्हणून विचारलं.

"पांढऱ्या पोलक्यातून समदं दिसते. आन् जे नाई ते बी दिसते."

मी म्हणालो, एवढंच ना, बाजारात मिळत असेल काहीतरी. इतक्या सहज बोललो, जशी काय उदबत्ती आणायची आहे.

२१ जानेवारी, रविवार

जवाहर गेटच्या आत वामनरावांचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, फण्या, रिबिनी, आणि मागच्या कपाटात 'तो माल'. गिऱ्हाईक बाई असली की वामनराव भिंतीकडे पाहत माल देतात आणि बाई जमिनीकडे पाहत घेते. गिऱ्हाईक बुवा असला तर दोघांनी कुठे पाहायचं याचा नियम अजून झालेला नाही. आम्ही दोघं छताकडे पाहून बोललो.

"कोन्ता नंबर?"

"नेहमीचा."

"कोनाचा नेहमीचा?"

एकोणीस वर्षांत हा आकडा मला कळलेला नाही, हे वामनरावांना त्यांच्या छतावर स्पष्ट दिसलं. कापसाच्या चिमटीवरून धागा किती इंचाचा ते मी न बघता सांगतो. इथे माझी बोलती बंद. शेवटी त्यांनी चौतीस नंबर काढला, "यानं समद्यायचं भागते," म्हणाले आणि वर्तमानपत्रात असा गुंडाळला की जणू आत चोरीची अफू आहे.

घरी पंचफुलाने मोरीत जाऊन घालून पाहिली. पाच मिनिटांत बाहेर आली, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. डावीकडे काचते, खाली पट्टी ढिली आहे, आणि उजवीकडे रिकामी पिशवी लोंबते. एवढं सगळं तिने फक्त "परत करून या" या तीन शब्दांत सांगितलं. बाकीचं मी समजलो.

वामनराव परत घेत नाहीत. अंगाला लागलेला माल. त्यांचंही बरोबर आहे.

४ फेब्रुवारी

आज अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत जमल्याने जग बुडणार म्हणून गावात तीन दिवस होमहवन चालू आहे. जिनिंगचे शेटजीही तुपाचे डबे घेऊन गेले. काल कापसाचा भाव मात्र त्यांनी उद्या जग असणार आहे अशा हिशेबानेच फोडला.

मी पंचफुलाला म्हणालो, जग बुडालं तर लग्नाचा प्रश्न मिटला. ती म्हणाली, "नाई. शालूचं झाल्यावर बुडू द्या."

म्हणजे जायचं आहे तिला.

११ फेब्रुवारी, रविवार

जग आहे. आशाबाईकडे गेलो होतो.

आशाबाई परकोटाच्या भिंतीला लागून राहते. नवरा वारला तेव्हापासून बायकांचं आतलं शिवते. पाटी नाही, पण बायकांना पत्ता पाठ असतो. मला दारात पाहून तिने आधी मशीन थांबवलं, मग पदर सारखा केला, मग विचारलं, "घर चुकले का भाऊ?"

मी सगळं सांगितलं, छताकडे न पाहता. वामनरावांचा चौतीस नंबर दाखवला. तिने तो दोन बोटांनी उचलला, मेलेल्या उंदरासारखा.

"हा आकडा कायचा हाय, मालूम हाय तुमाले?"

"छातीचा."

"समद्यायले तेच वाटते. छातीच्या खाली घेर असते, आकडा त्या घेराचा. समदा भार त्या पट्टीनं उचलला पाह्यजे. खांद्याच्या बंदावर भार आला की समजायचं नंबर चुकला. आन् कटोरीचं माप अलग. एकाच घेराच्या चार बाया चार कटोऱ्यायच्या राह्यतात. हे दुकानवाले चौघीयले एकच देतात आन् वरून सांगतात, बाई, तुमचंच आंग वाकडं."

मी म्हणालो, इथे तर दोन बाजू सारख्याच नाहीत.

"कोनाच्या राह्यतात?" आशाबाई म्हणाली. "वीस वर्सं झाले मले. दोन्ही बाजू बरोब्बर असलेली बाई अजून नाई पाह्यली. तुमच्या घरचीचा फरक जास्त हाय, येवढंच. घेऊन या त्यायले."

पंचफुला येणार नाही. नागपूरच्या नर्सेसशिवाय तिने कोणाला ती जागा दाखवलेली नाही, जाईबाईलाही नाही. हे सांगितल्यावर आशाबाईने गळ्यातला टेप काढून माझ्यापुढे धरला.

"मंग तुमी घ्या माप. पाठीच्या मणक्यापासून छातीच्या हाडापर्यंत, डावीकडून अलग, उजवीकडून अलग. आन् खालचा घेर. आंगावर घ्या, कपड्यावर नका घेऊ. टेप वापस करजा, माह्याजवळ येकच हाय."

१८ फेब्रुवारी, रविवार

माप घेतलं. काम फत्ते.

खरं तर थोडा फेरफार करावा लागला. सकाळी मी टेप पंचफुलाला दिला आणि आशाबाईचं म्हणणं सांगितलं. थोड्या वेळाने मी आतल्या खोलीत गेलो, तर ती खाटेवर शाल काढून, पाठ माझ्याकडे करून बसली होती, टेप मांडीवर. खिडकी लावून घेतली होती. मला वाटलं, बिचारीला किती अवघड होत असेल. मी म्हणालो, "थंडी वाजेल, शाल घे. मी करतो काहीतरी." आणि पेटीतून तिची जुनी बॉडी काढून टेबलावर पसरून तिचीच मापं घेतली. उजवीकडचं अंदाजाने कमी केलं. शेवटी माप म्हणजे आकडेच.

तिची लाज राखल्याचं समाधान वाटलं. ती मात्र दिवसभर बोलली नाही. शेक घेतल्यापासून तिला असा थकवा येतो.

४ मार्च

आशाबाईने शिवलेली बॉडी बसली नाही. परत घेऊन गेलो तर तिने कापडाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हे बाईचं माप नाई, भाऊ. कपड्याचं हाय. कपडा ढिला पडला होता, तसं माप ढिलं आलं."

मी म्हणालो, घरचीला संकोच वाटतो.

"घरचीले?" एवढंच म्हणाली, आणि पट्टी उसवायला घेतली.

तिने डोकं लढवून पुष्कळ सुधारणा केल्या. पंचफुलाचा उजवा हात सुजतो, मागे जात नाही, म्हणून हूक पुढून लावले. बंद रुंद केले. उजव्या कटोरीला आतून खिसा शिवला, त्यात रुई भरायची. रुईचा बंदोबस्त मी करणार हे सांगायला नकोच. आमच्या जिनिंगमधली पहिल्या वेचणीची, सरकी काढलेली, हाताला रेशमासारखी लागते ती आणली. राणीच्या उशीलाही मिळणार नाही असा माल.

टेप द्यायला विसरलो. आशाबाई सुतळीला गाठी मारून मापं घेत होती.

१ एप्रिल

राणीच्या उशीचा माल नापास. रुई हलकी. सकाळी भरलेली उजवी बाजू दुपारी गळ्याशी येते. पंचफुला दर तासाला मोरीत जाऊन ती खाली ओढून येते. डावीकडे भार, उजवीकडे वारा, त्यामुळे सगळी बॉडीच तिरपी होते.

आज मला युक्ती सुचली. रुई हलकी, कारण सरकी काढून टाकली. मग सरकीसकट कापूसच भरावा. एक भाग रुई, दोन भाग सरकी. वजन आपोआप तिप्पट. हे जिनिंगच्या माणसालाच सुचणार. आता वजन किती पाहिजे एवढंच ठरवायचं राहिलं. मी म्हणालो, उद्या ऑफिसातला छोटा काटा घेऊन येतो, पण डाव्या बाजूचं वजन काट्यावर कसं करायचं?

पंचफुला भाकरी थापत होती. तव्याकडे पाहतच म्हणाली, "येवढा माल हातात घेऊन पारखता. हातानं नाई समजत का तुमाले?"

मी म्हणालो, अंदाजाने नको, काट्याचं काम काट्यानेच व्हावं. तिने भाकरी उलटली. ती करपली होती. तिची भाकरी कधी करपत नाही.

शेवटी मीच अंदाजाने तीन छटाक ठरवलं.

१५ एप्रिल

बरोबर बसली. पंचफुला पांढरं पोलकं घालून आरशापुढे उभी राहिली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पदर घेतला, काढला, पुन्हा घेतला. मग शाल घडी करून पेटीत ठेवली. अकोल्याला पत्र टाकायला मला स्वतः पोस्टात पाठवलं.

१६ एप्रिल

टॉवेल ओला. अर्ज मागे घेतला आहे.

१४ मे, अकोला

काल शालूचं लग्न झालं. घडलं ते घडलं तसं लिहितो. यात माझी शोभा नाही.

मांडव शाळेच्या आवारात. ऊन असं की पितळी भांड्याला हात लागत नव्हता. शालूच्या शेजारी पंचफुला, पांढरं लुगडं, पांढरं पोलकं, ताठ उभी. मी समोर पुरुषांत होतो. जाईबाई ठरल्याप्रमाणे रडत होती. सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. पहिलंच शील, जिवाची हिंसा करणार नाही. त्याच वेळी मला तिच्या पोलक्याच्या गळ्याशी काहीतरी हललेलं दिसलं.

तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, गुलाबी. वऱ्हाडात कापसाचं काम करणारा कोणीही ती शंभर पावलांवरून ओळखेल. शेंदरी अळी. ती सरकीच्या आत शिरून घर करून बसते. बाहेरून बोंड छान, रुई छान, धागा एक नंबर. आत दोन सरक्या चिकटवून त्यांच्यामध्ये ती उन्हाळा काढत पडलेली असते आणि ऊब मिळाली की निघते. मी वीस वर्षं कापूस पारखतो. धागा पाहतो, रंग पाहतो, ओल पाहतो. सरकी फोडून कधी पाहिली नाही. ते आमच्या खात्यात येत नाही.

पंचफुलाने खाली पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार, आता झटकणार, सगळा मांडव बघणार. तिने जोडलेले हात जरासे सोडले, दोन बोटांनी अळी उचलली, आणि पुन्हा हात जोडले. ओंजळीच्या आत अळी. उरलेली चारही शीलं तिने तशीच म्हटली. शालूलासुद्धा कळलं नाही.

विधी संपल्यावर मी तिच्यामागे शाळेच्या मागच्या लिंबापाशी गेलो. तिने हात उघडले. अळी जिवंत होती. मी चप्पल काढायला वाकलो, तर म्हणाली, "राहू द्या. आताच सबद दिला." आणि ती लिंबाच्या बुंध्यावर सोडली.

मला तोंड उचलवेना. म्हणालो, माझीच चूक, चांगला माल म्हणून आणला होता.

ती म्हणाली, "हे दिसली तं काढता आली."

मग हसायला लागली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा हसली, इतकी की लिंबाला हात टेकून उभं राहावं लागलं. मलाही हसू आलं, पण कशाचं ते नीट समजलं नाही.

त्यानंतर तिने जे केलं ते मला अजून उमगलेलं नाही. शाळेच्या खोलीत जाऊन उजव्या बाजूचा सगळा कापूस काढून टाकला. मी म्हणालो, रुमाल भर, पदर तरी ओढून घे, माझं उपरणं घे. तिने ऐकलं नाही. पदर कमरेला खोचला, बुंदीचं ताट घेतलं आणि पंगतीत वाढत फिरली, एक बाजू सपाट, शाल नाही. लोकांनी पाहिलं. अकोल्याचे लोक पाहायला लाजत नाहीत. पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि मग बुंदी मागितली.

१७ जून

परत आल्यापासून पंचफुलाला कोरडा खोकला आहे. लग्नात थंड पाणी फार पिणं झालं. पाठही दुखते म्हणते, कमरेच्या वर, हाडात. गाडीच्या बाकांमुळे. काढा चालू आहे.

२६ जून, नागपूरहून परतल्यावर

बरं वाटून राहिलं आज. खोकला जाईना म्हणून पंचफुलाला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, पाठ ठोकून पाहिली, तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, आता शेक नको, औषधं फार नकोत, पथ्य तर अजिबात नको, त्यांना आवडेल ते खायला घाला. एवढा मोठा डॉक्टर, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला. सात महिने तेल नाही, तिखट नाही, वांगं नाही. सगळं उठवलं. मी बाहेर येऊन पंचफुलाला सांगितलं, पथ्य सुटलं.

ती म्हणाली, "हात ठेवला होता का तुमच्या खांद्यावर?"

तिला दारातून दिसलं असेल.

येताना बडनेऱ्याला गाडी बदलताना तिला वांग्याची भजी घेऊन दिली. तिने एक खाल्लं आणि बाकीची मला खाऊ घातली.

८ जुलै, रविवार

आज पंचफुला म्हणाली, "बॉडी ढिली झाली. पट्टीत दोन बोटं जातात."

मी म्हणालो, आशाबाईचं माप चुकलं. ती म्हणाली, नाही, तेव्हा बरोबर होतं. नवी शिवायची आहे, आणि या वेळी उजवीकडे कटोरी नको, खिसा नको, काही भरायचं नको. जसं आहे तसं बसलं पाहिजे. "माप घ्या," म्हणाली. टेप तिने आधीच काढून ठेवला होता. तो आशाबाईला द्यायचा राहूनच गेला आहे.

खिडकी या वेळी तिने उघडी ठेवली होती, उजेडासाठी. खाटेवर बसली, या वेळी तोंड माझ्याकडे करून. दम लागत होता, म्हणून मागे उशी लावली.

मी पाहिलं. आठ महिन्यांनी. काय दिसेल असं मला वाटत होतं कोणास ठाऊक. काखेपासून छातीच्या हाडापर्यंत एक तिरपी शिवण आहे. आमच्याकडे कापसाच्या गाठीला बारदान गुंडाळून सुतळीचे टाके घालतात, तशी. शेकाने कातडी काळवंडली आहे. खाली बरगड्या मोजता येतात. त्या पूर्वी मोजता येत नव्हत्या. तिथली कातडी गरम होती. मला वाटलं होतं थंड असेल.

मणक्यापासून टेप धरला. उजवीकडून पुढे आणला. शिवणीवर अंगठा ठेवावा लागला.

"दुखतं का?"

"नाई. तिथं काई समजत नाई. वरतं धरा, तिथं समजते."

वर धरला.

पावसाळी दमट हवेने चष्म्यावर वाफ धरली होती. आकडा वाचता येईना. म्हणून फाउंटनपेनने टेपवरच शाईचे ठिपके दिले, एक उजवीकडचा, एक डावीकडचा, एक खालच्या घेराचा. सगळं झाल्यावर चष्मा पुसून वाचले. उजवीकडे पावणेचौदा. डावीकडे साडेपंधरा. घेर सव्वीस.

"लई येळ लागला," पंचफुला म्हणाली.

मी म्हणालो, माप बरोबर यायचं तर वेळ लागतोच.

"फेब्रुवारीपासून?"

माझा हात अजून तिच्या पाठीवरच होता. तो तिने काढू दिला नाही. बाहेर पावसाची भुरभुर लागली, दोरीवरचा टॉवेल आत घ्यायला हवा होता. कोणीच उठलं नाही.

९ जुलै

आकडे आशाबाईला कागदावर लिहून दिले. तिने कागद वाचला, म्हणाली, "आता आंगावरचं हाय." घेराचा आकडा दोनदा वाचला. लौकर देते म्हणाली. मी म्हणालो घाई नाही, पथ्य सुटलं आहे, महिन्याभरात अंग धरेल, मग उसवून वाढवता येईल, शिवणीत थोडी माया ठेवा.

आशाबाईने हो म्हटलं.

२९ जुलै

पंचफुलाला खाटेवर बसूनच झोप येते. आडवी झाली की दम लागतो. शालू आली आहे, शाळेतून रजा काढून. इतकी लांब रजा काहून काढली म्हणून विचारलं, तर मोरीत निघून गेली.

मी कोरडं कोरडं लिहून राहिलो. लिहायचं ते लिहिता येत नाही.

१९ ऑगस्ट

पंचफुला गेली. शुक्रवारी दुपारी, मी वारा घालत होतो तेव्हा. मला वाटलं डोळा लागला, म्हणून पंखा आणखी हळू केला. बराच वेळ घालत राहिलो. शालूने येऊन माझा हात धरला.

डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. शालूला ठाऊक होतं. पंचफुलाला तर सगळ्यांच्या आधी. मी भजी घेऊन दिली.

पांढरं लुगडं शालूने नेसवलं. आशाबाई आली होती, मागे उभी राहून गेली.

२ सप्टेंबर

शालू परत गेली. जाण्यापूर्वी सगळं धुवून वाळत घालून गेली. मी संध्याकाळी टॉवेल ओढला, त्याच्याखाली पंचफुलाची पुढून हुकांची बॉडी होती. उजवा खिसा उलटा करून वाळत घातलेला. त्याच्या शिवणीत एक सरकी अडकून राहिली होती. दोन्ही वस्तू ओल्या होत्या.

तसंच अंग पुसलं.

२३ सप्टेंबर, रविवार

आशाबाईकडे गेलो. जाताना वामनरावांच्या दुकानात थांबून एक नवा टेप घेतला. वामनराव गुंडाळायला वर्तमानपत्र फाडत होते, नको म्हणालो.

आशाबाईने मशीन थांबवलं, पाट पुढे सरकवला. मग आतून ती बॉडी आणली. शिवून झाली होती, जुलैतच. डावीकडे एक कटोरी, उजवीकडे सपाट, पुढून हूक, सगळीकडे अर्ध्या बोटाची माया. तिने ती वर्तमानपत्राशिवायच माझ्या हातात दिली. मी मजुरी काढली, तर म्हणाली, तुमच्या घरचीनं शालूच्या हातून कवाच धाडली, माप दिलं त्याच हप्त्यात. शालू जुलैच्या मधल्या आठवड्यात एकदा येऊन गेली होती, ती त्यासाठी होय. मला वाटलं होतं सहज आली.

मी उजव्या बाजूवर अंगठा ठेवून पाहिला. बरोबर होती.

मग खिशातून नवा टेप काढून मशीनच्या फळीवर ठेवला.

"हा माहा नाई," आशाबाई म्हणाली. "माहा जुना होता. पिवळा पडलेला."

"तुमच्या टेपवर मी शाई सांडली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली गाठी मारलेली सुतळी काढून खिळ्याला अडकवली, नवा टेप गळ्यात घातला, आणि मशीनवर अर्धं राहिलेलं कापड पुन्हा पुढे सरकवलं.